भुयारी गाडीचे तीन स्वर

देवळाच्या शिखराची किंवा नाट्यगृहाच्या दर्शनी भागाची रसपूर्ण चर्चा करणारे आपल्यांत पुष्कळ आहेत; परंतु आगगाडीचा डबा हाही मनुष्याच्या कल्पकतेनेंच घडविलेला असून पुष्कळांचा देवळापेक्षां अधिक वेळ त्यांत जातो, ही गोष्ट टीकाकाराच्या ध्यानांत क्वचितच येते. कॅनडांतील भुयारी गाड्यांच्या रचनेविषयीं येथें लिहावयाचें योजिलें, तें यामुळेंच.

टोराँटोची भुयारी रेल्वे १९५४ सालीं सुरू झाली. त्या देशांतील ती पहिली. तेथें २०११ पासून धावूं लागलेल्या ‘टोराँटो रॉकेट’ गाडींत सहा डब्यांमधील आडव्या भिंती नाहींशा करून या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सलग दालन केलें आहे. गर्दी आपोआप पांगते. गाडी वळणावर वांकली म्हणजे दूरचे प्रवासी हळूच एका बाजूस सरकतांना दिसतात. योजना सुंदर आहे, यांत वाद नाहीं. पण चालकाची खोली आतां डब्याच्या पूर्ण रुंदीची झाल्यानें, जुन्या गाड्यांत अगदीं पुढें बसून बोगदा न्याहाळण्याची जी मौज होती, तिला प्रवासी मुकले. व्हँकूव्हरकरांचें या बाबतींत भाग्य मोठें. १९८५ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या गाडीला चालकच नाहीं. त्यामुळें पहिलें आसन मुलांसाठीं मोकळें राहिलें. (मुलांचें नांव पुढें करून तेथें वडील माणसेंच बसत असतील, अशी आम्हांस शंका आहे.)

माँट्रिऑलची गोष्ट मात्र अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९६६ सालीं उघडलेल्या तेथील मेट्रोच्या गाड्या पॅरिसच्या धर्तीवर रबरी चाकांच्या आहेत. अशा चाकांस बर्फ सोसत नाहीं. म्हणून त्या हिमप्रदेशांत सारा मार्ग जमिनीखालून नेला. पुढें १९७६ सालीं दुसऱ्या पिढीच्या गाड्या आल्या. त्यांच्या मोटारींस वीज एकदम न देतां तुकड्यातुकड्यानें व टप्प्याटप्प्यानें देणारें यंत्र बसविलें होतें. गाडी निघतांना त्या टप्प्यांतून तीन चढते स्वर उमटत. कोणा संगीतकारानें ते योजिले नव्हते. तरीही अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड याच्या १९४२ च्या एका प्रसिद्ध तुतारीवादनाच्या आरंभाशीं त्यांचें साम्य रसिकांनीं ओळखलें, आणि ते स्वर शहराची खूण होऊन बसले.

२०१६ मध्यें ‘अझूर’ ही नवी गाडी आली. नऊ डबे, सलग दालन, मोठ्या खिडक्या. सर्व कांहीं उत्तम. परंतु तिच्या मोटारी ते स्वर काढीत नाहींत. तेव्हां दारें मिटण्याचा इशारा म्हणून तेच तीन स्वर ध्वनिक्षेपकांतून ऐकविण्यांत येतात.

हें स्मारक मानावें कीं सोंग? जुना ध्वनि हा यंत्राच्या श्रमाचा उद्गार होता. नवा ध्वनि त्याची नक्कल आहे, आणि नकलेस आम्ही सहसा मान देत नाहीं. टोराँटोच्या दारांचा इशाराही तीन स्वरांचा, पण उतरता व मुद्दाम योजिलेला. तो ऐकून ‘दार मिटत आहे’ एवढेंच कळतें. माँट्रिऑलच्या इशाऱ्यांत मात्र गाडी सुटण्याची जुनी आठवण आहे. वर्षानुवर्षें ते स्वर ऐकत आलेल्या आजीला आणि अझूरमध्येंच प्रथम ते ऐकणाऱ्या नातवाला आज एकच सूर गुणगुणतां येतो. एवढ्यासाठीं ही नक्कल आम्ही क्षम्य मानतों. मात्र ती मूळ ध्वनीहून किंचित् अधिक गुळगुळीत आहे, ही आमची तक्रार कायम आहे.