टांगलेला धोटा

परीक्षण पुस्तकाचे करावे, नाटकाचे करावे, फार तर चित्रप्रदर्शनाचे करावे. दिवाळी अंकात हॉटेलचे परीक्षण कसले करता, असे वाचक विचारतील. विचारोत. जो माणूस एखादे दालन सजवितो, काय मांडावे आणि काय वगळावे हे ठरवितो, आणि आत येणाऱ्याच्या मनावर अमुक एक परिणाम व्हावा अशी इच्छा धरतो, तो लेखकाचेच काम करीत असतो. मग टीकाकाराच्या तावडीतून त्याने का सुटावे?

योग असा आला. गेल्या पावसाळ्यात माझ्या कादंबरीला एक लहानसा पुरस्कार मिळाला आणि देणाऱ्यांनी आमची दोन रात्रींची सोय मुंबईत, परळ भागातील एका नव्या, शोभिवंत हॉटेलात केली. ‘आमची’ म्हणजे माझी आणि वडिलांची. वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. याच भागातल्या एका गिरणीत, साळखात्यात, त्यांनी सोळा वर्षे साचे चालविले. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसे गिरण्यांबाहेर आली. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. काही महिन्यांनी आमचे बिऱ्हाड गावी गेले, ते कायमचेच.

प्रथम गुण सांगतो. मी शाळेत चित्रकला शिकवितो. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही, पण रंग कळतात. राखाडी, विटकरी आणि कोऱ्या मांजरपाटाचा पिवळसर पांढरा, एवढ्या तीनच रंगांत सगळी खोली बसविली होती. कोठेही भपका नाही. बसण्याच्या खुर्च्या सुखाच्या, आणि खिडकीच्या चौकटीत नेमके एक जुने धुरांडे येईल अशी योजना. ज्याने हे केले त्याला नजर आहे, हे मान्य केले पाहिजे.

हॉटेलचा विषय गिरणी हाच होता. दिव्यांच्या सभोवार बाबिनी ओवलेल्या, मार्गिकेत कामगारांची मोठी छायाचित्रे, खाली एकाचेही नाव नाही. जेवणात झुणका-भाकर होती, ती वाटीएवढ्या तांब्याच्या कढईत. चहाच्या दालनाला गिरणीसारखे करवती छप्पर केले होते. पण येथेच पहिला दोष दिसला. गिरणीच्या करवती छपराची काच उत्तरेकडे तोंड करून असते. उन्हाची तिरीप आत येऊ नये, तरीही दिवसभर सारखा उजेड मिळावा आणि तुटलेला धागा दिसावा, म्हणून ती रचना. येथे काच पश्चिमेला होती. दुपारी चारला ऊन थेट कपात उतरले, आणि पोऱ्याने धावत येऊन पडदे ओढले. ज्या कारणासाठी आकार जन्मला ते कारण सोडून नुसता आकार उचलला, की असे होते. आमच्या कितीतरी ग्रामीण कथांतल्या बैलगाड्याही अशाच पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असतात.

दालनाच्या भिंतीवर, एका स्वतंत्र दिव्याखाली, एक धोटा टांगला होता. लाकूड तेल लावून चकचकीत केलेले. वडिलांनी तो सरळ काढून हातात घेतला, उलटा केला, आत बोट घातले. “कांडी नाही,” ते म्हणाले. सोळा वर्षे साच्यांच्या गदारोळात काढल्यामुळे त्यांचा आवाज मोठा आहे. चार टेबलांवरची माणसे वळली. मग त्यांनी धोट्याच्या कडेचे बारीक छिद्र ओठांशी नेले आणि श्वास आत ओढला. सूत असे तोंडाने ओढून घ्यावे लागे, दिवसातून शेकडो वेळा, आणि सुताबरोबर कापसाची धूळ. हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

पोऱ्या पुन्हा धावत आला. वडिलांनी धोटा त्याच्या हाती दिला आणि आपल्या गिरणीतल्या हिंदीत त्याची चौकशी केली. तो ओरिसाचा. एका खोलीत गावचेच नऊ जण राहतात. रात्रपाळीचे आले की दिवसपाळीचे उठतात. वडिलांचा चेहरा एकदम खुलला. “म्हणजे गाळाच की रे!” ते म्हणाले. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या, पाळीपाळीने झोपायच्या अशाच खोलीत त्यांनी आपली पहिली चार वर्षे काढली होती. भिंतीवर ज्याची चित्रे लावली होती ते जिणे मागच्या दाराने रोज कामावर येत होते. सजावटकाराला मात्र त्याची दखल घ्यावीशी वाटली नव्हती.

१९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी ठरविला होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी केवळ पूर्वीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. हॉटेलच्या मार्गिकेत गिरणीचा इतिहास सांगणारा एक सुबक फलक आहे. त्यात १८५४ सालच्या पहिल्या गिरणीचा उल्लेख आहे, यातले एक अक्षरही नाही. वगळणे हा कलेचा हक्क आहे खरा. पण काय वगळले यावरूनच कलावंताची बाजू कळते.

मामा वरेरकरांच्या गिरणीवरील कादंबरीचे नाव ‘धावता धोटा’. त्या नावातले विशेषण मला त्या संध्याकाळी नव्याने जाणवले. धावतो तोच धोटा. टांगला की ते नुसते लाकूड.

येथपर्यंत लिहिणे सोपे होते. आता अवघड भाग. ज्या कादंबरीच्या जोरावर मी त्या गादीवर झोपलो, तिच्यात धोट्यावर दीड पान आहे. तो मी चिमणीसारखा भिरभिरता केला आहे, परीक्षकांनी त्या पानाची वाखाणणी केली आहे, आणि त्यात तोंडाने सूत ओढणे कोठेही नाही. मला ते ठाऊक नव्हते. कारण जिवंत बाप घरात असताना मी त्याला विचारले नव्हते. माझाही धोटा तेल लावून टांगलेलाच. हॉटेलवाल्याने निदान खरा तरी आणला होता.

त्या रात्री मी वही काढली आणि विचारू लागलो. वडील गादी सोडून खाली बसले आणि सांगू लागले, सूत तुटल्याचे, खाड्याचे, जॉबरचे, दिवसभर येणाऱ्या खोकल्याचे. साडेबाराला खालून फोन आला. शेजारच्या पाहुण्यांना आवाजाचा त्रास होतो आहे, कृपया हळू बोलावे. मी “बरे” म्हणून फोन ठेवला. वडिलांना मात्र काही सांगितले नाही.