चमच्यावरचा सिंह कोणाचा?

जुन्या इंग्रजी चांदीवरचे कुलचिन्ह ओळखायला संग्राहक फेअरबर्नचे ‘बुक ऑफ क्रेस्ट्स’ उघडतात. १९०५ची आवृत्ती दोन खंडांची: एकात आडनावे, दुसऱ्यात चित्रे. मेहनत अफाट, पण चित्र जुळले की घराणे सापडले, असा भ्रम त्यातून पोसला जातो. अर्धा सिंह तर कितीतरी घराण्यांचा! मीही एकदा पहिलेच नाव धरून बसलो होतो. हा ग्रंथ उमेदवार देतो, निकाल नव्हे. बोधवाक्य, पूर्ण ढाल, हॉलमार्कचे वर्षाक्षर यांची साक्ष हवी. तीही जपून घ्यावी. वर्षाक्षर भांड्याचे वय सांगते, कोरीवकामाचे नव्हे. नवा मालक जुने चिन्ह घासून आपले कोरवून घेई. तिथे पत्रा बोटाला पातळ लागतो. पुरावा अपुरा असेल, तर नावाची जागा कोरी ठेवावी.