‘झाडाझडती’ आणि लोकप्रियतेचा प्रश्न
विश्वास पाटील (जन्म १९५९) यांना लोकप्रियता मिळाली ती ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीने. ‘महानायक’ (१९९८) व ‘संभाजी’ यांनी ती दृढ केली. त्यामुळे ऐतिहासिक कादंबरीकार हीच त्यांची ओळख रूढ झाली. परंतु त्यांच्या प्रतिभेची खरी कसोटी लागली ती ‘झाडाझडती’त. या कादंबरीस १९९२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला.

‘पानिपत’मध्ये १७६१ चा पराभव सदाशिवरावभाऊंच्या शौर्याने उजळतो, वाचकास शोकाबरोबर अभिमानही लाभतो. धरणग्रस्तांच्या पराभवास असा दिलासा नाही. तेथे शत्रू रणांगणावर उभा नसतो. नोटीस, मोबदला, पर्यायी जमीन अशा कागदांआड तो असतो. लेखक स्वतः शासकीय सेवेत अधिकारी होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. ज्या यंत्रणेचे ते घटक, तिचीच झडती त्यांनी घेतली. तपशिलांचा भार कथानकास क्वचित पेलवत नाही, हे खरे. पण विस्थापिताचे आयुष्य या तपशिलांतच अडकलेले असते. केवळ लोकप्रियतेमुळे या लेखकाकडे पाठ फिरविणारी समीक्षा हे धैर्य नजरेआड करील, तर हानी तिचीच होईल.