डावीकडची उतरण

उत्प्रेरकांच्या शास्त्रातला एक आलेख मला पुन्हापुन्हा बघावासा वाटतो. आडव्या अक्षावर द्रावणाचा सामू, उभ्यावर अ‍ॅल्युमिनाने त्या द्रावणातून उचललेलं प्लॅटिनम. सामू ८ च्या आसपास रेषा तळाला टेकलेली. आम्लाच्या दिशेने ती चढत जाते, ३-४ च्या दरम्यान माथा गाठते आणि मग चक्क घसरते.

चढणीचं कोडं १९७८ साली ब्रुनेल यांच्या मांडणीने सुटलं. पाण्यात भिजलेल्या अ‍ॅल्युमिनाच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतात. आम्लात ते प्रोटॉन घेतात, पृष्ठभाग धनभारित होतो आणि क्लोरिनने वेढलेला प्लॅटिनमचा ऋण आयन ओढला जातो. ८ च्या सुमारास पृष्ठभागाचा भार शून्यावर येतो, की ओढ संपली.

इथवर शाळकरी विज्ञान. रस आहे तो डावीकडच्या उतरणीत. सामू १ वर पृष्ठभाग सर्वांत जास्त धनभारित, मग प्लॅटिनमही सर्वांत जास्त बसायला हवं. बसत नाही! सामू उतरवायला ओतलेलं आम्ल स्वतःचे आयन घेऊन येतं, आणि त्या गर्दीत पृष्ठभागाची ओढ चार पावलंही पोचत नाही. आषाढीला पंढरपुरात पोचून कळसाचं दर्शन घेऊनच परतावं, तशी प्लॅटिनमची गत.

माथ्याची उंचीही बोलकी आहे: चौरस मीटरला साधारण १.६ मायक्रोमोल, म्हणजे चौरस नॅनोमीटरमागे जेमतेम एक आयन. एवढी ऐसपैस बैठक का? जॉन रेगालबुटो यांच्या गटाचं उत्तर असं, की आयन भोवतालचं पाण्याचं वेष्टन सोडायला तयार नसतो. सिलिकावर धनभारित अमाइन-प्लॅटिनम बसवलं, तर माथा अल्कलीच्या बाजूला सरकतो आणि उंची निम्मीच भरते. तिथे वेष्टन दुहेरी असावं, असा त्यांचा तर्क. मला तो पटतो.

हा आलेख वाचताना एक खोच मात्र सांभाळावी लागते. भरपूर अ‍ॅल्युमिना थोड्या पाण्यात टाकलं, की ते सामूलाच आपल्या शून्यभाराच्या बिंदूकडे खेचतं. बाटलीतल्या द्रावणाचा सामू ३ असेल, पण भुकटी पडल्यावर तो ७ च्या पुढेही जाऊ शकतो. आडव्या अक्षावर सुरुवातीचा सामू मांडला, तर माथा भलत्याच ठिकाणी दिसतो. मांडायचा तो शेवटचा.