‘समाजस्वास्थ्य’मधील संततिनियमनविषयक लेखन : एक टिपण

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७-१९५३) या मासिकाची चर्चा बहुधा अश्लीलतेच्या खटल्यांभोवतीच घोटाळते. त्यामुळे त्यातील गद्य दुर्लक्षित राहिले. वाचकांच्या शंकांना कर्वे उत्तरे देतात तेव्हा नीतीचा उपदेश नसतो. शास्त्रीय माहिती आणि प्रसंगी बोचरा उपरोध असतो. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणाऱ्या या लेखकाला हा प्रश्न केवळ लोकसंख्येचा वाटत नव्हता. स्त्रीचे आरोग्य व तिचे सुखही त्यात होते. पुढे शासनाने ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द रूढ केला. शब्द सोज्वळ खरा, पण त्यात स्त्री दिसेनाशी झाली. भार मात्र तिच्यावरच राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे.