आरंभ आणि उगम : 'क्वीन'च्या जन्मकथेचे एक वाचन

१

कोणत्याही कलासमूहाचा इतिहास लिहावयास घेतला की पहिला प्रश्न त्याच्या प्रारंभाचा येतो. बहुतेक वेळा तो प्रश्न म्हणून येतच नाही. उत्तर म्हणूनच येतो. अमुक साली, अमुक ठिकाणी, अमुक माणसे एकत्र आली, असे एक वाक्य लिहिले जाते आणि पुढील सर्व घटना त्या वाक्यातूनच उलगडत गेल्या असा आभास निर्माण होतो. मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना ही सवय परिचयाची आहे. 'आद्य' या विशेषणाने आपल्याकडे जितका शाईचा व्यय घडवून आणला, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या विशेषणाने घडवला असेल.

प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र वाङ्मयेतिहासाबाहेरचे आहे. काही वर्षांपूर्वी स्नातकोत्तर वर्गात 'चरित्र' या वाङ्मयप्रकारावर चर्चा चालू असताना एका विद्यार्थ्याने 'क्वीन' या ब्रिटिश रॉक समूहाच्या गायकावर लिहिलेले टिपण वाचावयास दिले. त्याचा मथितार्थ असा, की फ्रेडी मर्क्युरी मुळात पाचगणीचा, म्हणजे सातारा जिल्ह्याचा, म्हणजे आपला. टिपणातील माहिती चुकीची नव्हती. अडचण होती ती त्या दोन 'म्हणजें'ची. मी समासात शेरा लिहिला : 'हा समूह १९७० साली लंडनमध्ये स्थापन झाला, पाचगणीचा संबंध आनुषंगिक.' आज तो शेरा मला त्या टिपणाइतकाच भोळा वाटतो. विद्यार्थ्याने उगम पाचगणीत मानला होता, मी लंडनमध्ये. उगम नावाची काही वस्तू असते आणि ती नकाशावर दाखवता येते, याविषयी मात्र आम्हा दोघांच्या मनात शंका नव्हती.

२

एडवर्ड सैद यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'बिगिनिंग्ज' या ग्रंथात आरंभ आणि उगम या दोन संकल्पनांमध्ये भेद केला आहे. उगम हा मिथकीय, स्वयंसिद्ध आणि पुढील सर्व गोष्टींवर स्वामित्व गाजवणारा असतो. आरंभ हा लौकिक असतो. तो माणसांनी हेतुपूर्वक केलेला असतो आणि म्हणून पुन्हा पुन्हा तपासता येतो. मिशेल फूको यांनीही नीत्शेवरील आपल्या १९७१च्या निबंधात उगमाच्या शोधावर आक्षेप घेतला आहे. वस्तूंच्या ऐतिहासिक प्रारंभाशी गेल्यावर अखंड, शुद्ध असे सत्त्व हाती लागत नाही. हाती लागते ती विसंगती, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

हा भेद एखाद्या रॉक समूहास लावणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु लोकप्रिय संस्कृतीत जन्मकथा जितक्या झपाट्याने मिथकात परिणत होतात, तितक्या अभिजात साहित्यातही होत नाहीत. शिवाय येथे साधने ताजी आहेत. ध्वनिमुद्रिका, वेष्टने, वाद्ये आणि खुद्द कलावंतांची कथने उपलब्ध असल्याने मिथक कसे घडते, हे घडण चालू असतानाच पाहता येते.

३

प्रथम घटनाक्रम पाहू. ब्रायन मे हा मिडलसेक्समधील हॅम्पटनचा. १९६३ साली त्याने वडिलांच्या मदतीने घरीच एक विद्युत-गिटार बनवावयास घेतली. तिच्या मानेचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे होते आणि स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. विकत घेण्यास पैसे नव्हते, हे या निर्मितीचे साधे कारण. पुढे 'क्वीन'चा म्हणून ओळखला गेलेला नाद ज्या वाद्यातून निघाला, ते वाद्य असे समूहाच्या 'जन्मा'पूर्वी सात वर्षे आकार घेऊ लागले होते. १९६४ साली टिम स्टाफेल या मित्रासह मेने जो समूह उभारला त्याचे नाव '१९८४', म्हणजे ऑर्वेलच्या कादंबरीवरून घेतलेले. पुढे इंपिरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत असताना १९६८ साली मे आणि स्टाफेल यांनी 'स्माइल' हा समूह काढला. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावलेली जाहिरात रॉजर टेलरपर्यंत पोहोचली. तो कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथून लंडनला दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आला होता. १९६९ साली 'स्माइल'ची एक ध्वनिमुद्रिका केवळ अमेरिकेत निघाली आणि विस्मृतीत गेली.

स्टाफेल ईलिंग येथील कलामहाविद्यालयात शिकत होता. तेथेच ग्राफिक कलेचा विद्यार्थी असलेला फारोख बलसारा त्याच्या ओळखीचा झाला आणि 'स्माइल'च्या परिवारात वावरू लागला. तो स्वतःही 'आयबेक्स' (पुढे 'रेकेज') आणि 'सावर मिल्क सी' या समूहांतून गात होता. टेलरसह केन्सिंग्टन मार्केटमध्ये तो जुन्या कपड्यांचा ठेलाही चालवीत असे. १९७० साली स्टाफेल बाहेर पडला आणि त्याच्या जागी बलसारा आला. 'क्वीन' हे नाव त्याने सुचविले. त्याच वर्षी जूनमध्ये ट्रुरो येथे झालेला या मंडळींचा पहिला कार्यक्रम आधीच ठरलेला होता. त्यामुळे तो जुन्या 'स्माइल' या नावानेच जाहीर झाला होता. तीन बासवादक आले आणि गेले. १९७१च्या प्रारंभी लेस्टरचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. पहिली दीर्घध्वनिमुद्रिका निघावयास जुलै १९७३ उजाडले.

या क्रमात 'जन्म' नेमका कोठे आहे? १९६३च्या वाद्यात, १९६८च्या जाहिरातीत, १९७०च्या नावात, १९७१च्या चौथ्या माणसात की १९७३च्या मुद्रिकेत? यांपैकी कोणताही बिंदू निवडला की उरलेले बिंदू 'पूर्वतयारी' ठरतात किंवा 'परिणती'. ही निवड इतिहासात अगोदर झालेली नसते. ती इतिहासकार करतो.

४

ती निवड कशी केली जाते याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे २०१८ साली प्रदर्शित झालेला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट. चित्रपटात फारोख एका रात्री 'स्माइल'चा कार्यक्रम ऐकतो, मे आणि टेलर यांना मागील बाजूस गाठतो. नेमका त्याच क्षणी त्यांचा गायक त्यांना सोडून गेलेला असतो. हा तरुण तिथल्या तिथे गाऊन दाखवतो आणि समूह जन्मास येतो. पहिल्याच कार्यक्रमात डीकनही हजर असतो.

चित्रपटाने इतिहासाचा विपर्यास केला, एवढीच तक्रार करून थांबणे समीक्षेचे काम नव्हे. कथनाला संक्षेप लागतो, हे मान्यच आहे. प्रश्न असा, की या संक्षेपात गाळले काय गेले? पहिली गोष्ट, कालावधी. बलसारा या मंडळींना आधीपासून ओळखत होता. तो श्रोता होता, मित्र होता आणि व्यवसायातील भागीदारही होता. त्या ओळखीच्या जागी चित्रपटात एक साक्षात्काराचा क्षण येतो. दुसरी गोष्ट, अपयश. न चाललेले समूह आणि निघून गेलेले बासवादक पडद्यावर येत नाहीत. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, स्टाफेल. तो केवळ जागा रिकामी करण्यासाठी कथेत येतो. वस्तुतः दोन मंडळांना जोडणारा सांधा तोच होता. उगमाच्या कथेत सांध्यांना स्थान नसते. तेथे फक्त नायक आणि त्याची वाट पाहणारे जग असते.

आता पहिल्या मुद्रिकेची संहिता पाहावी. तिच्यातील 'डूइंग ऑल राइट' हे गीत मे आणि स्टाफेल यांचे, 'स्माइल'च्या काळातील. म्हणजे निघून गेलेला माणूस समूहाच्या पहिल्या मुद्रिकेत सहनिर्माता म्हणून उपस्थित आहे. तिचा शेवट 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'च्या एका त्रोटक, शब्दरहित वाद्यखंडाने होतो. ते गीत पूर्ण रूपात अवतरले १९७४च्या दुसऱ्या मुद्रिकेत आणि तेच समूहाचे इंग्लंडमधील पहिले यशस्वी गीत ठरले. पहिली मुद्रिका अशी मागे एका संपलेल्या समूहाशी आणि पुढे एका अपुऱ्या गीताशी बांधलेली आहे. स्टुडिओचे पैसे देणारे गिऱ्हाईक नसेल त्या मोकळ्या वेळात तिचे बरेचसे ध्वनिमुद्रण झाले, ही बाबही या दृष्टीने बोलकी आहे. स्वतःच्या प्रारंभाविषयी ही संहिता चित्रपटापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

५

आता पाचगणीकडे वळू. फारोखचा जन्म १९४६ साली झांझिबारमध्ये, गुजरातेतून तेथे गेलेल्या पारशी कुटुंबात झाला. वडील ब्रिटिश वसाहती प्रशासनाच्या सेवेत होते. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडण्यात आले. तेथे तो पियानो शिकला, तेथे त्याला 'फ्रेडी' म्हणू लागले, आणि तेथेच १९५८च्या सुमारास काही शाळासोबत्यांनी 'द हेक्टिक्स' हा समूह काढला. पुढे गायक म्हणून जग गाजवणारा हा मुलगा त्या समूहात मुख्य गायक नव्हता. तो पियानो वाजवीत असे. बीजात वृक्ष पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

'हेक्टिक्स' वाजवीत ती क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी. म्हणजे पाचगणीच्या त्या सभागृहात 'देशी' म्हणावे असे काय होते? देशीयतेच्या आग्रही मांडणीनुसार पाहिले तर काहीच नाही. ब्रिटिशांनी वसवलेले थंड हवेचे ठिकाण, इंग्रजी धर्तीची शाळा, अमेरिकी-इंग्रजी गाणी. खाली कृष्णेच्या खोऱ्यात जी भाषा बोलली जात होती, तिचा या वाद्यवृंदाला स्पर्शही झालेला दिसत नाही. त्यामुळे 'आपला' हा दावा भूमीच्या आधाराने टिकत नाही.

तरीही पाचगणी आनुषंगिक ठरत नाही, आणि माझा शेरा येथेच चुकला होता. होमी भाभा यांनी वसाहतीतील अनुकरणाची जी मीमांसा केली, तिचा रोख असा, की अनुकरण करणारा मूळ नमुन्याच्या अगदी जवळ जातो, पण पूर्णतः तसा होत नाही, आणि त्या उरलेल्या अंतरामुळेच मूळ नमुना अस्थिर होतो. हॅम्पटन, ट्रुरो आणि लेस्टरच्या मुलांना इंग्रजपण जन्माने मिळाले होते. फारोखला ते आठव्या वर्षापासून वेषासारखे घालावयास शिकावे लागले. ब्रिटिश राजसत्तेचे सर्वोच्च पद समूहाच्या नावासाठी उचलावे, त्याच शब्दातील लैंगिक उपहासाचा ध्वनी जाणूनबुजून ठेवावा, आणि समूहासाठी राशिचिन्हांनी नटलेले राजचिन्ह स्वहस्ते रेखाटावे, हे त्यालाच सुचले, ही गोष्ट मला आकस्मिक वाटत नाही. मुकुट हा वारसा नसून पोशाख आहे, हे वसाहतीच्या शाळेत शिकलेल्या मुलाला लवकर कळते.

१९६४च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, हिंसाचार उसळला, आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडमध्ये फेल्टम येथे आले. राजसत्तेची ही उलथापालथ घडली नसती तर ईलिंगचे कलामहाविद्यालय त्याच्या आयुष्यात आले असते का, असे विचारता येते. त्याचे उत्तर देता येत नाही. परंतु ब्रिटिश रॉकचा इतिहास हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरूनही जातो, एवढे यातून नक्कीच दिसते. सलमान रश्दी यांच्या 'द ग्राउंड बिनीथ हर फीट' (१९९९) या कादंबरीतील मुंबईच्या पारशी गायकाला पाश्चात्त्य गाणी ती पश्चिमेत अवतरण्यापूर्वीच ऐकू येतात. ही कल्पना उगमाच्या दाव्याची थट्टा करते : मूळ कोठले आणि अनुकरण कोठले, हा क्रमच ती उलटा करते.

माणसाच्या नावाकडेही या दृष्टीने पाहता येईल. 'फारोख' हे कुटुंबाने दिलेले, 'फ्रेडी' हे पाचगणीत पडलेले, 'मर्क्युरी' हे समूहाच्या प्रारंभकाळी लंडनमध्ये स्वतः घेतलेले. जगाला ठाऊक असलेल्या नावाचा पूर्वार्ध सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उत्तरार्ध लंडनमध्ये घडला. पहिला इतरांनी ठेवला, दुसरा स्वेच्छेने धारण केला. सैद यांच्या परिभाषेत सांगायचे तर हेतुपूर्वक केलेला आरंभ तो दुसरा. पण पहिल्याशिवाय त्याला उभे राहावयास जागा नव्हती. आणि जे नाव दोघांतही उरले नाही, ते १९९१ साली त्याच्या अंत्यविधीच्या वेळी, जरथुश्त्री प्रार्थनांच्या रूपाने, पुन्हा जवळ आले.

६

तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या टिपणावर आज शेरा लिहावयाचा झाल्यास तो वेगळा असेल. पाचगणी 'आपली' असल्याने मर्क्युरी आपला होत नाही. पण पाचगणी आपल्या जिल्ह्यात असूनही आपण तिच्याकडे आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग म्हणून कधी पाहिले नाही, ही गोष्ट त्या टिपणाने नकळत उघडी केली होती. मराठी मुलखात राहूनही मराठीबाहेर वाढलेल्या शाळा, वाद्यवृंद आणि मुले यांना आपल्या इतिहासलेखनात जागा नसते. त्यांच्यापैकी कोणी जगप्रसिद्ध झाला, की मात्र आपण मागे जाऊन उगमाचा फलक लावतो. ज्यांचे नाव झाले नाही, त्यांच्यासाठी कोणी फलक लावत नाही. 'हेक्टिक्स'मधील इतर मुले 'आपली' आहेत काय, असा प्रश्न त्या विद्यार्थ्याला पडला नव्हता. मलाही पडला नव्हता.

उगमाची कथा नेहमी विजेत्याच्या बाजूने आणि शेवटाकडून लिहिली जाते. आरंभाचा इतिहास लिहावयाचा तर स्टाफेल, आले-गेलेले बासवादक, शेकोटीचे लाकूड आणि शाळेतील तो पियानो यांना पुन्हा वर्तमानकाळात आणावे लागते. पुढे काय झाले हे ठाऊक असूनही क्षणभर ते विसरावे लागते. रॉक समूहाबाबत हे जमले, तर 'आद्य' या विशेषणाखाली आपण ज्या ग्रंथांना आणि ग्रंथकारांना एकटे उभे केले आहे, त्यांच्या आसपासची गर्दीही कदाचित दिसू लागेल.