सहा रकान्यांचं रजिस्टर

ओपनएसएसएलची ‘सीए’ ही कमांड देखणी नाही, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं. तिच्या मॅन्युअलातच तिला विक्षिप्त आणि प्रसंगी तुसडी म्हटलेलं आहे. ती नमुन्यादाखल लिहिली होती, पूर्ण सर्टिफिकेट अथॉरिटी चालवण्यासाठी नव्हे, तरी काहीजण तेच करतात, ही कुरकुरही तिथंच सापडते. एरिक यंग आणि टिम हडसन या ऑस्ट्रेलियातल्या जोडीच्या ‘एसएसएलईएवाय’मधून १९९८च्या अखेरीस ओपनएसएसएल निघालं. त्या उगमाची खूण कॉन्फिग फाईलमध्ये अजून आहे: देशाच्या जागी आधीच भरलेलं ‘एयू’, संस्थेच्या जागी ‘इंटरनेट विजिट्स’ नावाची काल्पनिक कंपनी. नुसतं एंटर दाबत जाणाऱ्यांच्या सर्टिफिकेटांवर ही कंपनी आजही धंदा करते.

आणि तरीही, ऑफिसातल्या चार-सहा सर्व्हरांसाठी खाजगी अथॉरिटी उभारायची असेल तर मी हीच कमांड आधी वाचायला सांगेन. अशा आतल्या नावांना सार्वजनिक अथॉरिट्या सर्टिफिकेट देत नाहीत, तेव्हा आपलं आपणच द्यायचं. रूट सर्टिफिकेट उघडून पाहिलं तर देणारा आणि घेणारा एकच! त्याची सही त्याच्याच चावीनं झालेली. गणित निर्दोष, पण त्यातून विश्वास काही निर्माण होत नाही. तो येतो कुणीतरी प्रत्येक मशीनवर जाऊन ते सर्टिफिकेट हातानं बसवतं तेव्हा.

खरी मजा ‘इंडेक्स’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आहे. प्रत्येक सर्टिफिकेटाला एक ओळ आणि ओळीत टॅबनं वेगळे केलेले सहा रकाने: स्थिती, मुदत संपण्याची तारीख, रद्द केल्याची तारीख, क्रमांक, फाईलचं नाव आणि ज्याला दिलं त्याचं पूर्ण नाव. फाईलच्या नावाच्या जागी बहुतेक वेळा ‘अननोन’ एवढंच असतं. रकाना राखून ठेवलाय, भरायचं मात्र कुणी मनावर घेतलेलं नाही. स्थितीला एकच अक्षर पुरतं: व्ही म्हणजे चालू, आर म्हणजे रद्द, ई म्हणजे मुदत संपलेलं. रद्द करायचं झालं तरी ओळ पुसली जात नाही. व्हीचा आर होतो आणि रिकाम्या तिसऱ्या रकान्यात तारीख येते. सांगितलं असेल तर तिच्यापुढे स्वल्पविराम देऊन कारणही. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करून ते जागच्या जागी ठेवतात, तीच ही शिस्त. मुदत टळली म्हणून मात्र काही आपोआप बदलत नाही. ‘अपडेटडीबी’ चालवेपर्यंत मेलेलं सर्टिफिकेट व्ही म्हणूनच मिरवतं. घड्याळाकडे न बघणारं हे रजिस्टर मला त्याच्या या ढिम्मपणासकट आवडतं.

नोंद करण्याआधी कमांड दोनदा विचारते. सही करू का? ‘वाय’ म्हटलं की पुन्हा: एक अर्ज मंजूर झाला, नोंदवू का? पहिला प्रश्न सहीचा, दुसरा रजिस्टरचा. घाईत असलेल्याला हे वैतागवाणं वाटतं, पण सही करणं आणि केलेल्या सहीचा हिशेब ठेवणं ही दोन कामं आहेत, हे इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे कुठं सांगितलेलं मी वाचलेलं नाही.

या कमांडच्या संशयी स्वभावाचं सगळ्यात सुंदर उदाहरण कॉन्फिग फाईलमधल्या, टिप्पणी करून बंद ठेवलेल्या एका ओळीत आहे: ‘कॉपी एक्स्टेन्शन्स’. मूळ वागणूक अशी, की अर्जदारानं अर्जात मागितलेली एक्स्टेन्शन्स अथॉरिटी विचारातच घेत नाही. नवशिक्या इथंच अडखळतो. तो अर्जात सर्व्हरची नावं पर्यायी नावांच्या एक्स्टेन्शनमध्ये नीट लिहितो, सर्टिफिकेट मिळतं, त्यात नावं नसतात, आणि क्रोम ते नाकारतं. २०१७मधल्या ५८व्या आवृत्तीपासून क्रोम नुसत्या ‘कॉमन नेम’वर भागवत नाही. मग तो ती ओळ चालू करतो. पण अर्जदार अर्जात ‘मीच अथॉरिटी’ असंही लिहू शकतो, आणि कॉन्फिगमध्ये ‘सीए फॉल्स’ आपण स्वतः लिहून ठेवलेलं नसेल तर तेही निमूटपणे उतरेल. म्हणजे एका प्रिंटरच्या वेबपेजसाठी आलेला अर्ज उद्या स्वतःच सर्टिफिकेटं वाटू लागेल. म्हणून आधी ‘सीए फॉल्स’, मग कॉपी.

सर्टिफिकेटांना क्रमांक पुरवणाऱ्या फाईलबद्दल माझं मत इतकं चांगलं नाही. एकापुढे एक आकडा देणं वाचायला सोयीचं, पण २००८च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत संशोधकांनी जे दाखवलं त्याची एक वाट याच सवयीतून गेली होती. एक व्यावसायिक अथॉरिटी सहीसाठी एमडी५ हे कच्चं हॅश वापरत होती आणि क्रमांक ओळीनं देत होती. पुढचा क्रमांक आधीच ओळखून, दोनशे प्लेस्टेशन ३ जोडून त्यांनी बनावट मधली अथॉरिटी तयार केली. आज एमडी५ बाद झालंय, ऑफिसातल्या अथॉरिटीवर कुणी प्लेस्टेशन लावणार नाही, तरी ‘रँड सीरियल’ हा पर्याय आहे आणि तो फुकट आहे.

राहिली रद्द यादी. रजिस्टरमध्ये आर पडला म्हणून जगाला कळत नाही. ‘जेनसीआरएल’नं यादी काढून ती सर्व्हरांपर्यंत पोचवावी लागते. या यादीलाही मुदत असते, मूळ कॉन्फिगमध्ये तीस दिवस. ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सर्व्हरला ही यादी तपासायला सांगितलेलं असेल, तर २.४ आवृत्तीपासून शिळ्या यादीवर ते एकालाही आत घेत नाही, मग त्याचं सर्टिफिकेट कितीही चोख असो. लोक याला आडमुठेपणा म्हणतात. मला तो योग्य वाटतो, कारण जुन्या यादीवरून कोण रद्द नाही हे सांगताच येत नाही. दर आठवड्याला नवी यादी काढायची ओळ क्रॉनमध्ये टाकली की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी सही करणारी चावी सतत चालू असलेल्या मशीनवर ठेवावी लागते. रूटची चावी तशी ठेवायची नसेल, आणि ठेवू नयेच, तर मधली अथॉरिटी काढायची. तिला तिचं स्वतःचं रजिस्टर, सहा रकान्यांचंच.